मॉडेड माइनक्राफ्ट सर्व्हर सुरू होतानाच आपटतोय? आधी तो कुठवर आला होता ते बघा

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा फोन आला. "मामा, सर्व्हर उठतच नाहीये. काळी खिडकी येते, धडाधड अक्षरं पळतात आणि गायब." शेवटची ओळ काय होती विचारलं तर म्हणाला, "ओळी लई असतात, आणि सगळ्या लाल." तोवर त्याने नुसत्या अंदाजाने नऊ मॉड, म्हणजे गेममध्ये नव्या गोष्टी घालणाऱ्या जोडफाइली, काढले होते, त्यातले चार परत टाकले होते, आणि ते चार कुठले हे आता त्यालाही आठवत नव्हतं.

एकशे अठरा मॉडांमध्ये दोष एकाच फाइलीचा होता. तिचं नाव लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो त्या नोंदीत, स्पष्ट लिहिलेलं होतं, पण तिथवर तो गेलाच नव्हता.

सर्व्हर एकदम सुरू होत नाही, टप्प्याटप्प्याने होतो. आधी जावा चालू होतं. मग मॉड चढवणारा लोडर, म्हणजे फोर्ज, निओफोर्ज किंवा फॅब्रिक, मॉडांच्या फाइली मोजतो आणि कुणाला कोण लागतं ते ताडून बघतो. मग एकेक मॉड चढवतो, कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या फाइली, वाचतो, जग उघडतो आणि शेवटी "डन" म्हणून किती सेकंद लागले ते सांगतो. तो यातल्या कुठल्या टप्प्यावर पडला हे कळलं, की बाकीच्या टप्प्यांकडे बघायचं कारणच उरत नाही. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. उदाहरणं बहुतेक फोर्ज १.२०.१ ची आहेत, कारण मित्रमंडळींचे बरेच सर्व्हर अजून तिथेच आहेत. फाइलींची आणि एररची नावं मी देवनागरीत लिहितोय. तुमच्या स्क्रीनवर ती इंग्रजीत असतील, उच्चारावरून ओळखता येतील.

हात लावण्याआधी

पूर्ण सर्व्हर फोल्डरची एक कॉपी करून बाजूला ठेवा. नुसत्या वर्ल्डची नको. वर्ल्ड, मॉड्स, कॉन्फिग सगळ्याची. निम्म्या मॉडांवर एखादं जग एकदा जरी उघडलं, तरी गायब मॉडांचे ब्लॉक आणि वस्तू त्यातून पुसल्या जातात, आणि नंतर मॉड परत टाकून त्या येत नाहीत. क्रॅशने जेवढे सर्व्हर बुडतात त्यापेक्षा जास्त या "दुरुस्ती"ने बुडतात असं माझं मत आहे.

सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होत असेल तर ते बंद करा, नाहीतर तुम्ही लॉग वाचेपर्यंत तो आणखी तीनदा आपटलेला असेल. खिडकी लगेच बंद होत असेल तर स्टार्टच्या बॅट फाइलीत शेवटच्या ओळीवर "पॉज" लिहा, किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यातूनच ती फाइल चालवा. विंडोजवर फाइलींची एक्स्टेंशन दिसू द्या. "इयूला डॉट टीएक्सटी" म्हणून नव्याने बनवलेली (वापराच्या अटी मान्य करण्याची) फाइल प्रत्यक्षात "इयूला डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी" निघाली, हे मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलंय.

आणि एक नोंदवही करा. साधी टेक्स्ट फाइल चालेल. काय बदललं, त्यानंतर काय झालं. एका वेळी एकच बदल.

लॉग कुठला, आणि वाचायचा कुठून

तीन जागा बघायच्या. "लॉग्ज" फोल्डरमधला "लेटेस्ट डॉट लॉग", "क्रॅश-रिपोर्ट्स" फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल, आणि सर्व्हरच्या मुख्य फोल्डरात "एचएस एर पीआयडी" अशा नावाची एखादी फाइल उगवली आहे का. ही तिसरी फाइल दिसली तर माइनक्राफ्ट नव्हे, खुद्द जावाच कोसळलंय. तेव्हा संशय मॉडांच्या आधी रॅमवर, खराब मेमरी स्टिकवर किंवा एखाद्या मॉडने सोबत आणलेल्या नेटिव्ह लायब्ररीवर घ्यायचा.

वाचण्याआधी फाइलीची वेळ बघा. जावाच चालू झालं नसेल तर नवा लॉग बनतच नाही, आणि आपण कालचा लॉग डोळे फोडून वाचत बसतो. लेटेस्ट डॉट लॉगवर आत्ताची वेळ नसेल, तर तेच तुमचं उत्तर आहे: गडबड मॉडांच्या फार आधी, जावाच्या किंवा स्टार्टच्या कमांडच्या पातळीवर आहे.

क्रॅश रिपोर्टच्या डोक्यावर गेम स्वतःच एक विनोद टाकतो, "हू सेट अस अप द टीएनटी?" वगैरे. रात्री दीड वाजता तो फारसा हसवत नाही. त्याच्या खाली "डिस्क्रिप्शन" ही ओळ असते आणि मग एररची लांबलचक शेपटी. त्या शेपटीत "कॉझ्ड बाय" असं जिथे जिथे येतं ते शोधा. एकाखाली एक अशी साखळी असते आणि मूळ कारण बहुतेक वेळा शेवटच्या "कॉझ्ड बाय"ला असतं.

लेटेस्ट डॉट लॉग मात्र उलट वाचायचा. तिथे शेवटची एरर नव्हे, पहिली खरी एरर हवी. फोर्जमध्ये एक मॉड पडला की लोडर बाकीच्यांना पुढे नेणं थांबवतो आणि अशी ओळ पुन्हा पुन्हा लिहितो: "काउअर्डली रिफ्यूझिंग टू सेंड इव्हेंट… टू अ ब्रोकन मॉड स्टेट". म्हणजे "मोडक्या अवस्थेत मी घाबरटासारखा पुढे काही पाठवत नाही". अशा ढीगभर ओळी खाली पडतात आणि त्यांच्या गर्दीत निर्दोष मॉडांचीही नावं दिसू शकतात. भाच्याने काढलेले नऊ मॉड याच गर्दीतले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. ही ओळ पहिल्यांदा जिथे दिसते, तिथून वर सरका.

सगळं लाल-पिवळं वाईटही नसतं. "रेफरन्स मॅप… कुड नॉट बी रेड" हा इशारा, एखादी रेसिपी वाचता आली नाही, एखादा टॅग सापडला नाही, या कुरबुरी नीट चालणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्येही असतात. त्यांच्यामागे लागू नका.

पहिला टप्पा: जावा

माइनक्राफ्टच्या प्रत्येक काळाचं आपलं जावा आहे. १.१६.५ पर्यंत जावा ८. १.१७ ला जावा १६. १.१८ पासून १.२०.४ पर्यंत जावा १७. १.२०.५ पासून पुढच्या १.२० आणि १.२१ च्या व्हर्जनांना जावा २१. मॉड नसलेला सर्व्हर नव्या जावावर बऱ्याचदा निभावून नेतो. मॉडेड सर्व्हरच्या बाबतीत ती अपेक्षा ठेवू नका, नेमून दिलेलंच घाला.

जावा जुनं असेल तर "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर" येते आणि त्यात दोन आकडे असतात, समजा ६५ आणि ६१. प्रत्येकातून ४४ वजा करा. ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८. मोठा आकडा मागितलेला, लहान तुमच्याकडचा. बऱ्याच वेळा ही एरर संपूर्ण सर्व्हरची नसून एखाद्याच मॉडची असते. तसं असेल तर जावा बदलायच्या आधी तो मॉड चुकीच्या गेम व्हर्जनचा तर उतरवला नाही ना, ते बघा.

जावा जास्त नवं असेल तर एरर वेगळी दिसते. १.१२.२ चा फोर्ज जावा १७ वर चालवला तर "अ‍ॅप क्लास लोडर"चं "यूआरएल क्लास लोडर"मध्ये रूपांतर होत नाही अशी "क्लास कास्ट एक्सेप्शन" येते. तिचा मॉडांशी काडीचा संबंध नाही. जावा ८ टाका, संपलं.

"पण मी जावा १७ टाकलंय!" टाकलं असेल, पण चालतंय तेच का? त्याच खिडकीत "जावा -व्हर्जन" ही कमांड द्या. विंडोजवर "व्हेअर जावा" दिलं तर किती जावा पडलेत आणि पहिला नंबर कुणाचा लागतो ते दिसतं. दोन-तीन जावा असतील तर कुठलंही काढू नका. स्टार्टच्या फाइलीत नुसतं "जावा" असं न लिहिता हव्या त्या जावाचा पूर्ण पत्ता लिहा, अवतरणचिन्हांत. अ‍ॅडॉप्टियमचं टेमुरिन फुकट मिळतं, ६४ बिटचं घ्या. ३२ बिटचं चुकून आलं असेल आणि तुम्ही ६ जीबी मागितलेत, तर "इनव्हॅलिड मॅक्झिमम हीप साइझ" म्हणून जावा जागीच बसतं.

रॅमचं गणित याच टप्प्यावर उरका. शंभरेक मॉडांना ५-६ जीबी लागतात, पण मशीनमध्ये एकूण ८ जीबी असतील तर आठही देऊन टाकायचे नाहीत. एक्सएमएक्स, म्हणजे जावाला किती रॅम द्यायची तो आकडा, ही मर्यादा फक्त हीपची (जावाच्या मुख्य मेमरीची) असते, जावा त्याबाहेरही मेमरी खातं, आणि विंडोजलाही जगायचं असतं. लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी एरर, जावा हीप स्पेस" आली तर एक्सएमएक्स वाढवा. लॉग मात्र वाक्याच्या मध्येच तुटलेला असेल, कुठलीच एरर नसेल आणि लिनक्सवर एक्झिट कोड १३७ दिसत असेल, तर उलट आहे: मशीनची रॅम संपली म्हणून कर्नलने सर्व्हरचा गळा दाबला. तिथे एक्सएमएक्स कमी करायचा. फोर्ज १.१७ आणि पुढे हे आकडे "युजर जेव्हीएम आर्ग्ज डॉट टीएक्सटी" या फाइलीत लिहायचे असतात.

दुसरा टप्पा: किरकोळ पण रात्र खाणाऱ्या गोष्टी

इयूला फाइलीत "फॉल्स"चं "ट्रू" केलं नसेल तर सर्व्हर गुपचूप बंद होतो. तो क्रॅश नाही. "फेल्ड टू बाइंड टू पोर्ट" म्हणजे २५५६५ पोर्टवर आधीच कुणीतरी बसलंय, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा तुमचाच मघाचा न मेलेला सर्व्हर. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन जुनं जावा बंद करा. "सेशन डॉट लॉक… ऑलरेडी लॉक्ड" हाही त्याचाच भाऊ. लॉक फाइल उडवू नका, जुनी प्रोसेस मारा.

फोल्डरच्या नावात उद्गारचिन्ह नको. जावा जार फाइलीचा (मॉड याच फाइलींत येतात) आतला पत्ता लिहिताना तेच चिन्ह वापरतं आणि मग त्याचा गोंधळ उडतो. सर्व्हर वनड्राइव्हच्या फोल्डरात किंवा डेस्कटॉपवर नको. ड्राइव्हच्या मुळाशी साध्या इंग्रजी नावाचा फोल्डर करा.

विंडोजवरून लिनक्सवर नेलेल्या सर्व्हरचे दोन खास आजार आहेत. लिनक्सला "मॉड्स"मधलं पहिलं अक्षर मोठं आणि छोटं यांत फरक कळतो, त्यामुळे मोठ्या अक्षराचा फोल्डर त्याला दिसतच नाही. आणि विंडोजच्या नोटपॅडमध्ये नव्याने बनवलेली "रन डॉट एसएच" ओळींच्या शेवटी अदृश्य अक्षर घेऊन येते, मग "बॅड इंटरप्रिटर" दिसतं. "डॉस टू युनिक्स" नावाची छोटी कमांड तिला धुऊन काढते.

तिसरा टप्पा: मॉड एकमेकांना ओळखतायत का

हा टप्पा सगळ्यात सोपा, कारण लोडर तुम्हाला मराठी शाळेतल्या बाईंसारखं नाव घेऊन सांगतो कोण गैरहजर आहे. फोर्जमध्ये "मिसिंग ऑर अनसपोर्टेड मँडेटरी डिपेंडन्सीज" असं शीर्षक येतं आणि खाली ओळ: मॉड आयडी अमुक, रिक्वेस्टेड बाय तमुक, एक्स्पेक्टेड रेंज "[४.२,)", अ‍ॅक्च्युअल व्हर्जन "मिसिंग". चौकोनी कंस म्हणजे तो आकडा धरून, गोल कंस म्हणजे तो आकडा सोडून, आणि स्वल्पविरामानंतर काही नसेल तर वर मर्यादा नाही. वरच्या ओळीचा अर्थ ४.२ किंवा त्याच्या पुढचं कुठलंही.

"अ‍ॅक्च्युअल व्हर्जन"ला आकडा दिसत असेल तर मॉड आहे पण जुना किंवा नवा. तेव्हा अपडेट करायचा तो लायब्ररीचा (म्हणजे बाकीच्यांना लागणारा) मॉड की तो मागणारा मॉड, हा निर्णय घ्यावा लागतो. मी मागणाऱ्याला हात लावतो. लायब्ररीवर बाकीचे दहा जण उभे असतात.

फॅब्रिकवर हीच गोष्ट "सम ऑफ युअर मॉड्स आर इनकंपॅटिबल" म्हणून येते आणि बरेचदा खाली उपायही सुचवलेला असतो. तिथे निम्म्या वेळा फॅब्रिक एपीआय टाकायचाच राहिलेला असतो. लोडर वेगळा आणि एपीआय वेगळा, आणि एपीआय मॉड्स फोल्डरात जातो.

"फाउंड ड्युप्लिकेट मॉड्स" म्हणजे अपडेट करताना जुनी जार काढायची राहिली. नावाने फाइली लावल्या की जोडी शेजारीशेजारी दिसते.

एखादा मॉड यादीत येतच नसेल तर तो चुकीच्या लोडरचा आहे का बघा. जार ही शेवटी झिप फाइलच, सेव्हन झिपने उघडा. आत "मेटा-आयएनएफ"मध्ये "मॉड्स डॉट टॉमल" असेल तर फोर्जचा, "निओफोर्ज डॉट मॉड्स डॉट टॉमल" असेल तर नव्या निओफोर्जचा, आणि मुळाशीच "फॅब्रिक डॉट मॉड डॉट जेसन" असेल तर फॅब्रिकचा. निओफोर्ज २०२३ मध्ये फोर्जमधून फुटून निघाला. १.२०.१ वर दोघांचे मॉड बऱ्यापैकी एकमेकांत चालतात. त्यापुढे वाटा वेगळ्या झाल्या, तिथे सरमिसळ करू नका.

मॉड कुठून उतरवता यालाही महत्त्व आहे. जून २०२३ मध्ये "फ्रॅक्चरायझर" नावाचा व्हायरस कर्सफोर्ज या मॉडांच्या साइटवरच्या काही मॉडांमध्ये घुसला होता. मोठ्या साइटवर ते शोधून काढलं गेलं. दुसऱ्यांच्या जार परत चढवणाऱ्या आडवाटेच्या साइटवर ते काम कुणी करत नसतं.

चौथा टप्पा: सर्व्हरवर चालू न शकणारे मॉड

भाच्याचं प्रकरण इथलं. त्याने स्वतःच्या गेममधला मॉड्स फोल्डर उचलून जसाच्या तसा सर्व्हरवर टाकला होता. बहुतेक सगळे हेच करतात.

"काउअर्डली"च्या पहिल्या ओळीवरून दोनेकशे ओळी वर गेल्यावर हे दिसलं: "अटेम्प्टेड टू लोड क्लास नेट / माइनक्राफ्ट / क्लायंट / गुइ / स्क्रीन्स / स्क्रीन फॉर इनव्हॅलिड डिस्ट डेडिकेटेड सर्व्हर". तुकडे पाडून वाचू. कुणीतरी "स्क्रीन" नावाचा क्लास, म्हणजे कोडचा एक तुकडा, उघडायला गेला. त्याच्या पत्त्यात "क्लायंट" आहे, म्हणजे तो खेळाडूच्या संगणकावर असतो. आणि इथे तर "डेडिकेटेड सर्व्हर" आहे, ज्याला ना पडदा, ना बटणं, ना मेनू. नसलेल्या खोलीचं दार उघडायला गेला आणि भिंतीवर आपटला.

गेला कोण? त्या ओळीच्या खाली "अ‍ॅट" ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. वरून खाली येत नेट माइनक्राफ्ट, जावा, सीपीडब्ल्यू (हाही फोर्जच्याच बाजूचा) आणि फोर्ज यांच्या ओळी सोडून द्या. त्यांच्याबाहेरचं पहिलं नाव ज्याचं, तो संशयित. फोर्जमध्ये ओळीच्या शेवटी बरेचदा जारचं नावही असतं. आमच्याकडे तो निघाला इन्व्हेंटरीचे कप्पे रंगवणारा एक छोटासा मॉड. तो खेळाडूकडे असला की पुरतो, सर्व्हरवर त्याचं काहीच काम नाही. काढला, आणि सर्व्हर पुढे सरकला.

त्यामुळे सर्व्हरवर नेताना शेडर, ग्राफिक्स वेगवान करणारे मॉड, ऑप्टिफाइन, मेनू सजवणारे, आवाज आणि कॅमेऱ्याचे मॉड आधीच वगळा. मॉडरिंथ या साइटवर प्रत्येक मॉडच्या पानावर तो क्लायंटसाठी की सर्व्हरसाठी ते लिहिलेलं असतं. तयार मॉडपॅक वापरत असाल तर त्याचा वेगळा सर्व्हर पॅक आहे का बघा, आणि असेल तर तोच घ्या. फॅब्रिक इथे शहाणा आहे. मॉडने स्वतःला "फक्त क्लायंट" म्हणून नोंदवलं असेल तर सर्व्हरवर तो त्याला गप्प बाजूला ठेवतो. नोंदवलं नसेल तर मात्र तिथेही हाच तमाशा.

पाचवा टप्पा: मॉड आले, पण भांडले

आता अवघड भाग. सगळे हजर आहेत, आवृत्त्या कागदावर जुळतायत, तरी आपटतोय. एररचं नाव "नो सच मेथड", "नो सच फील्ड" किंवा "नो क्लास डेफ फाउंड" असं काहीतरी. तिघींचा अर्थ एकच: एका मॉडने दुसऱ्याच्या घरातली एक वस्तू मागितली, आणि ती आता तिथे नाही.

याचं नमुनेदार उदाहरण क्रिएट या मॉडचं. २०२५ मध्ये त्याचं सहावं व्हर्जन आलं तेव्हा आतली बरीच साधनं दुसऱ्या जागी हलवली गेली. ०.५.१ साठी लिहिलेले जोडमॉड जुन्याच पत्त्यावर जात राहिले आणि "नो क्लास डेफ फाउंड: कॉम / सिमिबुबी / क्रिएट / फाउंडेशन…" अशी एरर यायला लागली. नाव क्रिएटचं बघून लोक क्रिएट काढून परत टाकत बसले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. या प्रकारच्या एररमध्ये ज्याचं नाव मोठ्याने घेतलंय तो हरवलेल्या वस्तूचा मालक असतो. मागणारा खालच्या "अ‍ॅट" ओळीत सापडतो, आणि जुना बहुधा तोच असतो. एकतर जोडमॉडचं नवं व्हर्जन शोधा, नाहीतर मुख्य मॉड एक पायरी मागे न्या. चालू जगात मुख्य मॉड मागे नेण्यापेक्षा जोडमॉडची वाट बघणं मला बरं वाटतं.

"मिक्सिन अप्लाय फेल्ड" किंवा "क्रिटिकल इंजेक्शन फेल्युअर" दिसलं तर घाबरू नका, ही एरर दिसते तेवढी किचकट नाही. मिक्सिन म्हणजे गेमच्या मूळ कोडमध्ये मॉडने मारलेलं ठिगळ. दोघांनी एकाच जागी ठिगळ मारलं किंवा खालचं कापडच बदललं की ते बसत नाही. त्या ओळीत "अमुक डॉट मिक्सिन्स डॉट जेसन" असं फाइलीचं नाव असतं, आणि "अमुक" म्हणजे ठिगळ मारणारा मॉड. दुसरा कोण ते कळत नसेल तर अमुकच्या इश्यू ट्रॅकरवर त्याच ओळीने शोधा. तुमच्याआधी कुणीतरी रडून गेलेलं असतंच.

सहावा टप्पा: कॉन्फिग

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे रात्री वीज गेली, सर्व्हर चालू होता, आणि त्या महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली. सकाळी सर्व्हर उठेना. कालपासून एकही मॉड बदलला नव्हता. लॉगमध्ये "पार्सिंग एक्सेप्शन: नॉट इनफ डेटा अव्हेलेबल", आणि वर "फेल्ड लोडिंग कॉन्फिग फाइल" म्हणून एका टॉमल फाइलीचं नाव. कॉन्फिग फोल्डर आकाराने लावला तर ती फाइल शून्य बाइटची. लिहिता लिहिता वीज गेली होती.

उपाय अर्ध्या मिनिटाचा: ती फाइल उडवा. मॉड पुढच्या वेळी मूळ सेटिंगची नवी फाइल बनवतो. तुम्ही त्यात काही बदललेलं असेल तर बॅकअपमधून ती एकच फाइल आणा. लक्षात ठेवा, फोर्ज १.२०.१ वर नावात "सर्व्हर" असलेल्या कॉन्फिग फाइली मुख्य कॉन्फिग फोल्डरात नसतात. त्या वर्ल्डच्या आत "सर्व्हरकॉन्फिग" फोल्डरात असतात. मी तिथे बघायलाच विसरलो होतो आणि त्यात सकाळचा तास गेला. फाइल दिसायला पूर्ण आकाराची, पण आत नुसती रिकामी चिन्हं, असंही होतं. म्हणून उघडून बघा.

सातवा टप्पा: जग

मॉड ठीक आहेत आणि जग बिघडलंय, की उलट? हे एका चाचणीत कळतं आणि ती लोक करतच नाहीत. "सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज"मध्ये "लेव्हल-नेम" समोर दुसरंच नाव लिहा, समजा "चाचणी", तेही इंग्रजी अक्षरांत. सर्व्हर नवं कोरं जग बनवेल. ते "डन"पर्यंत गेलं तर तुमचे मॉड निर्दोष, दोष जगात. तेही आपटलं तर जगाला हात लावायचं कारण नाही.

जगाचे आजार तीन. पहिला: "लेव्हल डॉट डॅट" तुटली, "नॉट इन जीझिप फॉरमॅट" अशी एरर येते. शेजारी "लेव्हल डॉट डॅट अंडरस्कोर ओल्ड" असते, तिची कॉपी करून त्या कॉपीला मूळ नाव द्या.

दुसरा: "टिकिंग एंटिटी" किंवा "टिकिंग ब्लॉक एंटिटी". जगातला एखादा प्राणी किंवा यंत्र हलायला लागलं की सर्व्हर पडतो. रिपोर्टमध्ये त्याचं नाव आणि तीन आकड्यांत जागा दिलेली असते, ती नोंदवहीत उतरवा. मग सर्व्हरकॉन्फिगमधल्या "फोर्ज-सर्व्हर डॉट टॉमल"मध्ये "रिमूव्ह एररिंग ब्लॉक एंटिटीज" किंवा "रिमूव्ह एररिंग एंटिटीज" यातलं जे लागू असेल ते ट्रू करा. दोन्ही एकदम नको. सर्व्हर एकदा सुरू होऊ द्या, त्या जागी जाऊन काय गेलं ते बघा आणि लगेच परत फॉल्स करा. ट्रू ठेवून विसरलात तर उद्या किरकोळ कारणावरून कुणाची भरलेली पेटी उडेल आणि भांडण तुमच्या दारात येईल.

तिसरा: चालू जगातून बायोम किंवा नवी दुनिया आणणारा मॉड काढलाय. जगाच्या हाडात त्याचं नाव कोरलेलं असतं. तो परत टाका. जुन्या १.१२.२ वर फोर्ज कन्सोलमध्ये "एफएमएल कन्फर्म" लिहायला सांगतो. ते लिहिलं की हरवलेले ब्लॉक कायमचे गेले, म्हणून बॅकअप हातात असल्याशिवाय लिहू नका.

एक खोटा क्रॅशही आहे. "अ सिंगल सर्व्हर टिक टुक ६०.०० सेकंड्स". सर्व्हरने सेकंदाला वीस टिक (गेमचे ठोके) मारायच्या असतात. एकीला साठ सेकंद लागले की वॉचडॉग, म्हणजे सर्व्हरवरचा राखणदार, त्याला मेलेला समजून मारतो. जगाचा नवा भाग बनताना जुन्या हार्ड डिस्कवर असं होऊ शकतं. प्रॉपर्टीजमध्ये "मॅक्स-टिक-टाइम" उणे एक करा. तरी दहा मिनिटं ढिम्म असेल तर तो खरोखर अडकलाय.

काहीच कळलं नाही तर: अर्धे-अर्धे

आता, आणि आताच, मॉड काढायला सुरुवात करा. चाचणीच्या जगावरच, खऱ्या जगावर नाही. निम्मे मॉड दुसऱ्या फोल्डरात हलवा. क्रॅश गेला तर दोषी हलवलेल्यांत, राहिला तर उरलेल्यांत. मग त्यातले निम्मे. ११८ मॉडांना जास्तीत जास्त सात फेऱ्या लागतात. एकेक काढत बसलात तर ११८ लागू शकतात. फक्त लायब्ररीचे मॉड, म्हणजे आर्किटेक्चरी, क्लॉथ कॉन्फिग, गेकोलिब, क्युरिओज वगैरे, सुरुवातीला जागेवर राहू द्या, नाहीतर प्रत्येक फेरीत तिसऱ्या टप्प्याची एरर येईल आणि मूळची कुठली ते कळणार नाही. कुठल्याच अर्ध्यात क्रॅश येत नसेल तर दोघांचं भांडण आहे आणि ते वेगवेगळ्या अर्ध्यांत पडलेत. एक अर्धा कायम आत ठेवून दुसऱ्याचे अर्धे करा.

मदत मागायची वेळ आली तर स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवू नका. पूर्ण लेटेस्ट डॉट लॉग आणि क्रॅश रिपोर्ट द्या, सोबत गेमचं, लोडरचं आणि जावाचं व्हर्जन, आणि शेवटचं काय बदललं ते एका वाक्यात. लॉगमधले आयपी पत्ते आधी पुसा.

"डन" दिसल्यावर लेव्हल-नेम पुन्हा मूळ जगाचं करा, चाचणीचं जग उडवा, वॉचडॉगचा आकडा ६०००० वर आणा आणि चालू अवस्थेतल्या फोल्डरची एक नवी कॉपी करून तिला तारीख द्या. भाच्याच्या सर्व्हरवर "डन" आलं तेव्हा पाहुणे जेवून उठत होते. दोन मिनिटांनी परत फोन: "मामा, चालू झाला, पण आता सोहमला जॉइन होता येत नाहीये." सोहमकडे क्रिएट जुना होता.